मदत हवी आहे : रोजची गोळी आणि डोपिंग चाचणी

सुलेखा_७
तातडीचं आहे. पाच आठवड्यांवर निवड स्पर्धा आहे. काल मेल आला की डोपिंग चाचणी होणार. मी दोन वर्षं डॉक्टरांनी दिलेली एक गोळी रोज घेते. चालेल का? की आठ दिवस आधी बंद करू? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

रानवारा
कोणती गोळी? कोणता खेळ? एकच औषध एका खेळात चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही.

भास्करकाका
प्रोटीन पावडर आधी बंद करा. डब्यावर न छापलेले घटक आत निघतात, आमच्या व्यायामशाळेतला एक मुलगा त्यातच अडकला.

सुलेखा_७
काका, मी पावडर घेतच नाही. खेळ डार्ट्स, म्हणजे चकतीवर छोटे बाण फेकायचा. गोळी मायग्रेनची.

रानवारा
मायग्रेनच्या गोळ्या ढीगभर आहेत. पाकिटावर औषधाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते बघून लिहा.

सुलेखा_७
प्रोप्रानोलॉल ४०. सकाळी एक, रात्री एक.

रानवारा
मग अडचण आहे. हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत डार्ट्स, बिलियर्ड्स, गोल्फ, मोटरस्पोर्ट यांत स्पर्धेच्या काळात बंदी आहे. तिरंदाजी आणि नेमबाजीत तर एरवीही.

पटावरचा_उंट
डार्ट्समध्ये कसलं डोपिंग? धावायचं नाही, उचलायचं नाही. बुद्धिबळातही हाच खेळखंडोबा. २००८ च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडमध्ये युक्रेनचा ग्रँडमास्टर इवान्चुक हरला आणि नमुना न देताच निघून गेला. केवढा गदारोळ झाला! शेवटी त्याच्यावर कारवाई झालीच नाही.

नेमकी_नजर
तुम्ही कधी स्पर्धेत डार्ट सोडलाय का? शेवटचा डबल, म्हणजे चकतीच्या कडेची बारीक पट्टी, लावायचा असतो तेव्हा ठोका बोटांच्या टोकापर्यंत जाणवतो. गोळी नेमका तोच ठोका मंद करते, थरथर थांबवते. २००८ च्याच बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली दोन्ही पदकं प्रोप्रानोलॉलपायीच गेली.

पटावरचा_उंट
आणि ब्रिज? २०१८ मध्ये नामवंत ब्रिजपटू गेइर हेल्गेमोच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) सापडलं, एक वर्षाची बंदी. पत्ते खेळायला टेस्टोस्टेरॉन कशाला लागतं?

रानवारा
त्यासाठी वेगळा धागा काढा हो. बाईंचे पाच आठवडे चाललेत.

दिलदार
मीही बीटा ब्लॉकर घेत होतो. तीन दिवस आधी सोडला, काही झालं नाही. प्राणायाम करा, हातही स्थिर राहतो.

औषधवाली
दिलदार, असा सल्ला कृपा करून देऊ नका. सुलेखाताई, ही गोळी एकदम तोडू नका. एकदम थांबवली की ठोके उसळतात, रक्तदाब चढतो, हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. मायग्रेनसाठी टोपिरामेट, अमिट्रिप्टिलीन अशी औषधं यादीत नाहीत. ती तुम्हाला चालतील का, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

रानवारा
त्याचबरोबर टीयूई, म्हणजे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज. तो स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी द्यायचा असतो, म्हणजे तुमच्या हातात मोजून पाच दिवस. मात्र दुसरं औषध का चालत नाही, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. डार्ट्समध्ये बीटा ब्लॉकरला मंजुरी मिळणं अवघडच.

भास्करकाका
आणि ऐन वेळी नमुना द्यायला नकार देऊ नका. नकारही उल्लंघनच धरतात.

नेमकी_नजर
चाचणीला घाबरू नका, ताई. मी दिली आहे. लघवी करताना बाई अधिकारी समोर उभी असते, तेवढं अवघड वाटतं. किमान ९० मिली लागते. मग आपल्याच हातानं ती दोन बाटल्यांत ओतायची आणि झाकण फिरवायचं. टक् टक् आवाज होतो, नंतर उलटं फिरत नाही. फॉर्मवर सगळी औषधं लिहायची, पण लिहिलं म्हणजे सूट मिळाली असं नाही.

सुलेखा_७
आत्ताच डॉक्टरांशी बोलले. गोळी आजपासून बंद करायची नाही, उद्या सगळे रिपोर्ट घेऊन बोलावलं आहे. पूर्वी टोपिरामेटनं मला बोटांना मुंग्या यायच्या म्हणून बंद केलं होतं, तो कागद शोधतेय. अर्जाला नेहमीच्या डॉक्टरांची सही पुरते की मेंदूविकारतज्ज्ञांचीच लागते?

रानवारा
ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांची सही आणि शिक्का. पण तज्ज्ञांचं पत्र जोडलंत तर अर्जाला वजन येतं. मुंग्यांचा तो कागद सापडेपर्यंत झोपू नका.