मारिओ आणि सॉनिकला ऑलिंपिकमध्ये परत आणा

लाल टोपी:
नव्वदच्या दशकात मारिओवाली निन्टेंडो आणि सॉनिकवाली सेगा या दोन व्हिडिओ गेम कंपन्यांमधून विस्तव जात नव्हता. सेगाच्या अमेरिकेतल्या जाहिराती तर निन्टेंडोचं नाव घेऊन टर उडवायच्या. पुढे २००१ मध्ये सेगाने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, बनवणं सोडलं आणि २००७ मध्ये मारिओ आणि सॉनिक पहिल्यांदा एका गेममध्ये आले, तेही बीजिंग ऑलिंपिकच्या मैदानावर. व्हँकुव्हर, लंडन, सोची, रिओ करत मालिका टोकियोपर्यंत पोचली आणि २०१९ च्या त्या गेमनंतर थांबली. पॅरिसला मोबाइल आणि पीसीवर 'ऑलिंपिक्स गो!' आला, त्यात हे दोघे नाहीत. चौघांनी एका टीव्हीसमोर बसून आरडाओरडा करत खेळायचा गेम गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो परत यायलाच हवा.

कोकणकडा:
अजिबात नको. निन्टेंडोच्या 'वी' कन्सोलवर शंभर मीटरची शर्यत म्हणजे काय, तर एका हातात रिमोट, दुसऱ्यात त्याला जोडलेला नंचक, आणि दोन्ही आलटून पालटून हलवत राहायचं. मनगट भरून येतं, डोक्याला काही काम नाही. वर सॉनिक, ज्याची सगळी ओळखच वेग, तो मारिओकडून धावण्यात हरतो! धड मारिओचा गेम नाही, धड सॉनिकचा नाही.

लाल टोपी:
हरतो तेच बरोबर आहे. सॉनिक वेगवान गटात आहेच की, त्याचा फायदा त्याला मिळतो. पण स्टार्ट चुकला तर नाव बघून कुणी जिंकवू नये. ज्याने रिमोट नीट हलवला तो जिंकला, हा न्याय मला पटतो.

चिंचपोकळी:
बाकीचं जाऊ द्या, टोकियोच्या गेममधला १९६४ च्या ऑलिंपिकचा भाग, त्याचा विषय कुणीच कसा काढत नाही? तिथे सगळं सपाट टूडी होतं. मारिओ त्याच्या जुन्या ८-बिट रूपात, मोजक्या रंगांचा, ठोकळ्याठोकळ्यांचा. आणि शेजारी सॉनिक पुढच्या पिढीच्या कन्सोलवरचा, १६-बिट, गुळगुळीत. दोघांना एकसारखं करून टाकणं सोपं होतं. त्यांनी केलं नाही. दोन कंपन्यांचा इतिहास एकाच ट्रॅकवर धावताना दिसतो. मी त्यातली मॅरेथॉन केवळ बघण्यासाठी पुन्हा पुन्हा लावते.

कोकणकडा:
चिंचपोकळीताई, ते सुंदर आहे, वाद नाही. पण मूळ दुखणं वेगळंच आहे. गाड्यांच्या शर्यतीचा 'मारिओ कार्ट ८' २०१४ चा. त्याच्या डीलक्स आवृत्तीत २०२३ पर्यंत ४८ ट्रॅक वाढवले, लोक अजून खेळतात. ऑलिंपिकचा गेम ज्योत विझली की शिळा. दर दोन-तीन वर्षांनी नवा काढायचा, मग एकही खेळ मुरायला वेळ मिळत नाही. ऑलिंपिकचं लेबल सोडा, नुसता खेळांचा गेम काढा, मी पहिल्या दिवशी घेईन.

लाल टोपी:
लेबल सोडलं तर खेळही तेच ठरलेले येतील, टेनिस नाहीतर गोल्फ. सर्फिंग, स्केटबोर्डिंग, क्लाइंबिंग आणि कराटे टोकियोत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले आणि चारही या गेममध्ये होते. माझ्या भाचीने क्लाइंबिंग आधी इथे खेळलं. २०२१ मध्ये खरी स्पर्धा टीव्हीवर लागली, तेव्हा ती हलली नाही समोरून.

कोकणकडा:
छान आहे. पण त्याला मारिओ कशाला हवा?

लाल टोपी:
क्लाइंबिंगचा गेम म्हणून तिने तो हातातच घेतला नसता. मारिओ दिसला म्हणून घेतला.