पाठ केलेलं भाषण जमतं, ऐनवेळचं कोसळतं; आणि विश्लेषणात नुसती विशेषणं

कर्वेनगर_पालक

मुलगी अकरावीत आहे, कला शाखा. शाळेत ५ मिनिटांची पाठ केलेली भाषणं छान व्हायची. आता ऐनवेळच्या वक्तृत्वात उतरायचंय: चिठ्ठी उचलायची, ३ मिनिटं तयारी, ४ मिनिटं बोलायचं. दुसरं मिनिट संपता संपता मुद्दे आटतात आणि पुढे तेच ते फिरून येतं. घरच्या सरावाचं एक रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून मोजलं. ४ मिनिटांत ६२० शब्द, त्यात 'म्हणजे' ३१ वेळा. वाक्यांचे शेवट बऱ्याचदा ऐकूच येत नाहीत.

दुसरी अडचण. एका गाजलेल्या भाषणाचं १००० शब्दांत विश्लेषण लिहून द्यायचंय. तिनं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घेतलंय. मसुद्यात 'ओघवती शैली', 'काळजाला भिडणारे शब्द' आणि खाली अलंकारांची यादी. हे विश्लेषण नव्हे एवढं दोघांनाही कळतं, पण मग काय लिहायचं?

वेळ रोज अर्धा तास, आठवड्यातले ५ दिवस. क्लास सुचवू नये ही विनंती.

पूर्वपक्ष

आधी विश्लेषण घेतो, कारण दुसऱ्या मिनिटाला मुद्दे का आटतात तेही त्यातूनच कळेल.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे भाषणातला परिच्छेद, उजवीकडे तो परिच्छेद काय *करतो* ते एका क्रियापदात: कबूल करतो, मोजून दाखवतो, शंका उभी करतो, बजावतो. विशेषणांना बंदी. 'प्रभावी' लिहावंसं वाटलं की कोणावर, कशामुळे, हे दोन प्रश्न विचारायचे. उत्तर सापडलं तर ते लिहायचं आणि 'प्रभावी' खोडायचं.

हे भाषण या कामाला फार चांगलं आहे. सुरुवातीलाच आरोप येतो की सभेनं फार वेळ घेतला, पैसा उधळला. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता, ही विरोधकांची टोमण्याची उपमासुद्धा बाबासाहेब स्वतःच्या तोंडानं सांगतात. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकांचं म्हणणं, मिळमिळीत करून मांडला तर त्याच्या खंडनाला किंमत उरत नाही. मग आकडे येतात. आपल्याला २ वर्षं ११ महिने १७ दिवस लागले. अमेरिकेला ४ महिने, दक्षिण आफ्रिकेला १ वर्ष, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं. यातले तीन आकडे आपल्या विरुद्ध जातात, तरी ते लपवलेले नाहीत. त्यानंतर मोजपट्टीच बदलते. अमेरिकेची कलमं ७, आपली ३९५. शिवाय त्या देशांना दुरुस्त्यांना तोंड द्यावं लागलं नव्हतं, इथे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. म्हणजे आकडा मान्य केला, पण तो कशाशी ताडायचा हे वक्त्यानं ठरवलं. एवढी एक चाल नीट उलगडून दाखवली तरी ३०० शब्द सहज होतात, आणि एकही अलंकार लागत नाही.

पुढे श्रेय वाटून टाकणं येतं: सभेचे सल्लागार बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी, सभेत त्रास देणारे सदस्यसुद्धा. याला नुसता 'नम्रपणा' म्हणून सोडू नका. अजून कडू इशारे द्यायचे आहेत. जो श्रेय स्वतःकडे ओढत नाही त्याचा इशारा ऐकून घेतला जातो.

भाषणाचा सांधा मात्र मधे आहे. इथे थांबता आलं असतं, पण देशाच्या भवितव्याचे विचार मनात दाटले आहेत, अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि स्वर वकिली सोडून चिंतेकडे वळतो. त्याआधी बहुतेक उत्तरं आहेत. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. स्वातंत्र्य पुन्हा जाईल का? इतिहासाची पुनरावृत्ती होईल का? तिनं सांध्याच्या दोन्ही बाजूंची प्रश्नचिन्हं मोजावीत. स्वतः मोजलेली गोष्ट विश्लेषणात सर्वांत जड पडते.

आणि भक्तीचं वाक्य सोडू नये. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. भक्तीला मान देणाऱ्या श्रोत्यांपुढे आधी त्या शब्दाचा मान राखला आणि मग तोच शब्द दुसऱ्या क्षेत्रात नेऊन उलटा केला. आधी होकार, मग नकार. हा क्रम उलटा असता तर काय बिघडलं असतं, यावर एक परिच्छेद हवाच.

एक पथ्य: भाषण इंग्रजीत झालंय. पुनरुक्ती किंवा लयीबद्दल लिहायचं असेल तर मूळ पाठ समोर हवा, कारण अनुवादात वाक्याचा क्रम फिरतो. संविधान सभेच्या चर्चेच्या ११ व्या खंडात तो मिळेल.

घंटा_वाजली

वरची दुमडलेली वही उत्तम. आता ऐनवेळचं.

पाठ केलेलं भाषण शब्दांच्या माळेसारखं असतं. एक मणी पुढच्या मण्याची आठवण करून देतो, म्हणून दोरा एकदा तुटला की सगळं घरंगळतं. ऐनवेळच्या भाषणात शब्द नव्हे, मुक्काम लक्षात ठेवायचे. चार मुक्काम पुरतात: दोन मुद्दे, विरोधी मुद्दा, समारोप.

विषय समजा 'पुण्याला आधी उड्डाणपूल हवेत की पदपथ?' तयारीची ३ मिनिटं अशी:

पहिली ३० सेकंदं विषयातला वादाचा शब्द शोधायला. इथे तो 'आधी' आहे. बहुतेक स्पर्धक 'पूल' आणि 'पदपथ' यांवर बोलतात आणि प्राधान्याचा प्रश्न विसरतात. पुढची ३० सेकंदं बाजू ठरवून शेवटचं वाक्य लिहायला. होय, शेवटचं आधी. मग दीड मिनिट दोन मुद्दे आणि प्रत्येकी एक उदाहरण. उरलेल्या अर्ध्या मिनिटात विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा एका ओळीत लिहायचा, पहिलं वाक्य मनात म्हणायचं आणि पेन खाली.

बोलताना साधारण अर्धं मिनिट उघडणी, एकेक मिनिट दोन मुद्द्यांना, ४० सेकंदं विरोधी मुद्दा आणि त्याचं उत्तर, ३५ सेकंदं समारोप. १५ सेकंदं हाताशी शिल्लक. 'व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजन, परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' यात उघडणीचा निम्मा वेळ जातो. 'नमस्कार' पुरे.

मुद्दे आटण्याचं कारण बहुधा मुद्दे कमी असणं नसतं. न्यायशास्त्रातली, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातली, पाच अंगं घ्या: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय, निगमन (निष्कर्ष). विद्यार्थी प्रतिज्ञा करतो, कारण देतो, उदाहरण सांगतो आणि पुढच्या मुद्द्यावर उडी मारतो. उपनय राहतो, म्हणजे 'हे उदाहरण आपल्या विषयाला कसं लागू पडतं' हे सांगणं. लक्ष्मी रस्त्यावर पदपथावरून उतरून गाड्यांतून चालणाऱ्या आजींचं वर्णन केलं, ठीक. पण त्यावरून 'आधी' पदपथच का, हे बोललंच नाही तर ते नुसतं चित्र राहतं. प्रत्येक उदाहरणानंतर 'यावरून दिसतं ते हे की…' एवढं सक्तीनं म्हणायला लावा. दोन मुद्द्यांत मिळून ३०-४० सेकंदं भरतील आणि ती पोकळ नसतील.

६२० शब्द म्हणजे मिनिटाला १५५. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब असतात. सभागृहात ११० ते १२० च्या आसपास राहिलं तर मागच्या रांगेपर्यंत अर्थ पोचतो. म्हणजे ४ मिनिटांना ४४०-४८०. 'हळू बोल' सांगून वेग उतरत नाही, मुलं चार वाक्यं हळू बोलतात आणि पुन्हा पळतात. वाक्यं तोडा. 'जाऊन, बघून, विचार करून, ठरवून' अशी ऊनान्त साखळी दिसली की तिथे पूर्णविराम घालायचा. विराम आपोआप येतो.

'म्हणजे'चं नुसतं मोजमाप करू नका, जागा बघा. मुद्द्याच्या सुरुवातीला येत असेल तर पुढचा मुक्काम ठरलेला नाही. नामाच्या आधी येत असेल तर शब्द शोधणं चाललंय, तिथे वाचन वाढवायला हवं. वाक्य संपल्यावर येत असेल तर निव्वळ सवय. तिन्हींचं औषध वेगळं. बोलत असताना टोकणं मात्र टाळा, मग ती विषय सोडून 'म्हणजे'वर पहारा ठेवत बसते.

फेडर_वर

वाक्याचा शेवट ऐकू न येणं हे इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त महाग पडतं. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. 'हा खर्च वाया गेला असं मी म्हणत नाही' यातला 'नाही' गिळला की श्रोत्याला बरोबर उलटं ऐकू येतं. कारण बहुतेक वेळा श्वास असतो: लांब वाक्याच्या शेवटी हवा संपते, आवाज खाली बसतो. उपाय दोन. वाक्य ८ ते १२ शब्दांचं, आणि 'की'च्या आधी चोरटा श्वास. सराव म्हणून रोज अग्रलेखाचा एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच जोरात. आठवडाभर नाटकी वाटेल. वाटू द्या.

माइक तोंडापासून एक वीत, आणि किंचित बाजूला. ख, घ, फ, भ यांची हवा थेट जाळीवर आदळली की फटफट येते. तळहात तोंडासमोर धरून 'भाकरी' म्हणा, हवा लागते ती हीच. हातातला माइक दांड्याला धरायचा; जाळीभोवती मूठ आवळली की शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो. स्टँडची उंची बोलणं सुरू करण्यापूर्वी नीट करायची. त्यात दहा सेकंदं गेली तरी चालतील, वाकून बोललं की श्वास अडतो. 'हॅलो हॅलो, ऐकू येतंय ना' नको. आणि डावीकडच्या रांगेकडे बघताना मान माइकभोवती फिरवायची, माइक सोडून नाही.

नारायण_पेठ

सगळं ठीक, पण दोन गोष्टी कोणी बोललं नाही.

एक, ऐकण्याचा सराव. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्या. रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि ती आजही एप्रिल-मेमध्ये भरते. मोबाइल बंद ठेवून एक व्याख्यान पूर्ण ऐकायचं, काही लिहून घ्यायचं नाही. घरी आल्यावर २० मिनिटांत त्याचा सांगाडा काढायचा. जे आठवत नाही तिथे वक्त्याचा सांधा निसटला की आपलं लक्ष, हे शोधायचं. मोसम नसेल तर नारदीय कीर्तन ऐका. पूर्वरंगात तत्त्व, मधे नामजप, उत्तररंगात आख्यान. स्पर्धेत सगळे गोष्टीनं सुरुवात करतात आणि तात्पर्य मागून चिकटवतात. कीर्तनकार आधी सांगतो काय शोधायचं, मग गोष्ट सांगतो. श्रोता कामाला लागतो.

दोन, अलंकारांना इतकं हाकलू नका. व्याजस्तुती (स्तुतीच्या आडून निंदा) ओळखली एवढ्यावर थांबणं चूक. ती *का* वापरली हे विश्लेषण. शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ मध्ये 'काळ' साप्ताहिक सुरू केलं. डोक्यावर राजद्रोहाचं कलम असताना सरळ लिहिणं परवडणारं नव्हतं, म्हणून वक्रोक्ती, आडवळणानं बोलणं. तीही शेवटी वाचवू शकली नाही, १९०८ मध्ये शिक्षा झालीच. अलंकार तिथे दागिना नव्हता, ढाल होती.

बाकी ण-न आणि ळ यांचे उच्चार घासून घ्या. परीक्षक गुण कापतात.

घंटा_वाजली

@नारायण_पेठ, उच्चारांवर असहमत. बोली ही चूक नाही. घरची बोली 'पानी' म्हणत असेल तर संपूर्ण भाषण त्या बोलीत झालेलं चालतं, रंगतंही. खटकतं ते एका वाक्यात 'पाणी' आणि पुढच्यात 'पानी', कारण तिथे लक्ष उच्चारांवर आहे हे दिसतं. अर्धा तासच हातात असेल तर तो ण वर घालवू नये.

कर्वेनगर_पालक

सर्वांचे आभार. अर्ध्या तासाची वाटणी कशी करू? आणि घंटा वाजली की ती हमखास गडबडते, उरलेलं सगळं धावत सांगते.

घंटा_वाजली

तीन दिवस बोलणं, दोन दिवस वही. बोलण्याच्या दिवशी एकच विषय तीनदा: ४ मिनिटं, मग ३, मग २. तिचा वेग मुळातच जास्त असल्यामुळे एक अट, प्रत्येक फेरीत एक गोष्ट *टाकायची*, वेग वाढवायचा नाही. काय टाकलं आणि का, ते एका ओळीत लिहायचं. वहीच्या दोन दिवसांपैकी एक दिवस थोरांच्या भाषणाला, दुसरा तिच्याच उतरवलेल्या भाषणाला, तीच दुमडलेली घडी आणि तीच क्रियापदं. डावीकडच्या सलग चार वाक्यांपुढे 'पुन्हा सांगते' असं लिहावं लागलं की कुठे आटलं ते तिचं तिलाच दिसेल. महिन्यातून एकदा पहिलाच विषय परत रेकॉर्ड करा, नाहीतर सुधारणा विषयामुळे की सरावामुळे, कळत नाही.

घंटेचं: इशाऱ्याची घंटा किती सेकंद आधी वाजते ते नियमपत्रिकेत बघून ठेवा, सरावात तेवढ्याच वेळी ताटावर चमचा वाजवा. वाजली की चालू वाक्य पूर्ण करायचं आणि थेट शेवटच्या, आधी लिहून ठेवलेल्या वाक्यावर जायचं. अपवाद एकच. घंटा विरोधी मुद्दा सांगताना वाजली तर त्याला एका वाक्याचं उत्तर देऊनच पुढे जायचं, नाहीतर परीक्षकाच्या कानात शेवटचा युक्तिवाद समोरच्या बाजूचा राहतो.