मदत हवी आहे : आनुवंशिक कर्करोगाची चाचणी आणि घरचा विरोध

आम्ही गुहागरचे. आईला ४१व्या आणि मावशीला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाल्याने डॉक्टरांनी आईची बीआरसीए जनुकांची (ज्यांत दोष असल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो) रक्तचाचणी सुचवली आहे. तिच्यात दोष आढळला, तर तो माझ्यात व धाकट्या बहिणीत उतरलेला असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के असते. बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू आहे, म्हणून काकांनी चाचणीचा कागद घडी घालून पत्रिकांच्या पिशवीत तळाशी सरकवला आणि ‘बाहेर कळता कामा नये’ असे बजावले. हा दोष मुलग्यांकडूनही पुढे जातो, तरी बोल मुलींनाच लागतो, याचे मला फार वाईट वाटते. आपण घरच्या वडीलधाऱ्यांना कसे समजावलेत आणि लग्नाआधी समोरच्यांना सांगितलेत का, हे अनुभवींनी कृपया लिहावे.