मदत हवी आहे: कोथरूडजवळ स्केटबोर्डवाली मंडळी कुठे जमतात?
भाचा 15 वर्षांचा, नुकताच नाशिकहून आमच्याकडे राहायला आलाय. शाळेत कोणाशी फारसं जमलेलं नाही, पण स्केटबोर्ड दिसला की पोरगं आपणहून बोलायला लागतं. रोलर स्केटिंगचे क्लास कृपया सुचवू नका. त्याला ऑली (बोर्डसकट घ्यायची उडी) मारताना पडल्यावर आधी हसणारी आणि मग पाय कुठे ठेवायचा ते दाखवणारी पोरं हवीत. 2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, आमच्या सोसायटीत मात्र अजून ‘फरशी खराब करणं’च आहे! सकाळी लवकर कुठे भेटता? शिवाय त्याची चाकं 99ए, म्हणजे कडक; खडबडीत डांबरावर दात वाजतात. 78एची मऊ चाकं घेतली तर ट्रिकला अडचण येईल का?