होशेयच्या पुस्तकात देव म्हणतो 'मला मालक म्हणू नकोस', हे नक्की काय आहे?

वारीवाला_नारायणपेठ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं. बेने इस्राएल आहे, म्हणजे आपल्याकडचा मराठी ज्यू, घरी बोलणं आपल्यासारखंच मराठी, त्याची आई मला दोनदा 'जेवल्याशिवाय जायचं नाही हां' म्हणाली. नवरी दारातून आत यायला लागली तसा हा तिच्याकडे तोंड करून हिब्रूत गायला लागला, आवाज थोडा कापत होता. पहिला शब्द 'योनाती'. नंतर विचारलं तर म्हणाला योनाती म्हणजे माझ्या कपोते, गीतरत्नात प्रियकर असंच हाक मारतो.

मग मी घरी येऊन मराठी बायबलमधलं गीतरत्न वाचून काढलं. आठच अध्याय. केस, मान, डाळिंब, द्राक्षमळे, रात्री शहरभर त्याला शोधत फिरणारी ती, पण देवाचा साधा उल्लेख सापडेना. आणि मित्राचे आजोबा म्हणतात हे सगळं देवाचं आणि इस्राएलचं आहे. आमच्याकडे तीन पिढ्या वारी आहे, विराण्या आणि गौळणी लहानपणापासून कानावर आहेत, त्यामुळे जीव विरहिणी आणि देव सखा हे मला परकं नाही. पण तिकडे देवाला मूर्ती नाही, रूप नाही, चित्रसुद्धा चालत नाही, मग त्याला नवरा कसं म्हणवतं? की प्रेमाची गाणी पवित्र पुस्तकात राहिली म्हणून नंतरच्या लोकांनी ओढूनताणून हा अर्थ लावला? बायबलमधल्याच होशेय नावाच्या संदेष्ट्याचंही कुणीतरी सांगितलं, तिथे तर देव 'मला मालक म्हणू नकोस' म्हणतो म्हणे. जाणकारांनी सांगा, मनापासून विचारतोय.

रास्तापेठकर

नंतर लावलेला नाही हो. गीतरत्नावर हा अर्थ चढायच्या कितीतरी आधी संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे, हीच भाषा बोलत होते. होशेय इसवी सनपूर्व आठव्या शतकातला. त्याची बायको गोमेर, तिचं मन दुसरीकडे, आणि मुलांची नावं वाचली तरी पोटात कालवतं, एकीचं नाव 'दया नाही', एकाचं 'माझे लोक नव्हेत'. घरात जे चाललंय तेच देवाचं आणि लोकांचं चाललंय असं तो सांगतो. दुसऱ्या अध्यायात ते वाक्य आहे, त्या दिवशी तू मला 'इशी' म्हणशील, यापुढे 'बाली' म्हणणार नाहीस. दोन्हीचा अर्थ नवराच. पण बाल म्हणजे धनी, मालक, आणि शेजारच्या कनानी लोकांच्या देवाचं नावही तेच. आणि 'इश' म्हणजे माणूस. इशी म्हणजे माझा माणूस. आपल्या मराठीत हे जसंच्या तसं उतरतं बघा, गावाकडे बाई 'आमचे मालक' म्हणते आणि कधीतरी एखादी 'माझा माणूस' म्हणते, त्या दोन शब्दांत जेवढं अंतर आहे तेवढंच.

तुम्ही मूर्तीचं विचारलंत. मला वाटतं रूप नाही म्हणूनच नातं एवढं जवळचं लागलं. डोळ्यासमोर ठेवायला काही नाही, मग धरायचं काय, तर दिलेला शब्द.

मी सकाळी प्रार्थनेला तेफिलीन बांधतो, म्हणजे शास्त्रवचनं ठेवलेल्या चामडी पेट्या, वडिलांचेच आहेत, चामड्याचा पट्टा आता इतका मऊ झालाय की बोटाला आपसूक बसतो. दंडावर एक पेटी, हातावर सात वेढे, आणि शेवटी मधल्या बोटाला तीन वेढे, अंगठी घालतात तसे. ते तीन वेढे घेताना होशेयच्याच ओळी म्हणायच्या, त्यात 'मी तुला वाग्दत्त करीन' असं तीनदा येतं, सदासर्वकाळ, मग धर्माने न्यायाने दयेने करुणेने, मग विश्वासाने. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात ना, तशी ही यादी, फक्त तिच्यात सोनं नाही. हा वाङ्निश्चय साखरपुड्यापेक्षा फार पक्का, शास्त्राप्रमाणे तो मोडायला घटस्फोटाचा कागद लागतो. आणि शेवटी 'मग तू परमेश्वराला ओळखशील', तिथे क्रियापद आहे यादा, उत्पत्तीत आदामाने हव्वेला जाणलं तिथे आहे तेच. वडील हे शेवटचं वाक्य नेहमी सावकाश म्हणायचे.

द्राक्षमळा

वरच्या उत्तरात थोडी भर. गीतरत्न पवित्र मानायचं का यावर जुन्या रब्बींत, म्हणजे ज्यू शास्त्रीपंडितांत, खरंच वाद झाला होता, मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात नोंद आहे. रब्बी अकिवा म्हणाले सगळे लेख पवित्र पण गीतरत्न परमपवित्र, म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यासाठी जो शब्द तोच वापरला. हेच अकिवा दारूच्या बैठकीत गीतरत्न गाणाऱ्यावर संतापायचे. म्हणजे लोक ते साधं प्रेमगीत म्हणूनही गात होते, हे उघड आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते सीनाय डोंगराचं लग्न, जिथे देवाने मोशेकडे आज्ञा दिल्या. राशी, अकराव्या शतकातले भाष्यकार, म्हणतात की लोक डोंगरापाशी आले तेव्हा नवरा नवरीला सामोरा जातो तसा देव त्यांना सामोरा आला. आणि मग लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं. मोशेने आज्ञांच्या दगडी पाट्या का फोडल्या याचा एक दृष्टान्त राशी देतात, राजा परदेशी गेला, वाग्दत्त वधूला दासींबरोबर ठेवून गेला, दासींच्या वागण्यामुळे तिचं नाव खराब झालं, तेव्हा तिच्या पाठीराख्याने लग्नाचा करारच फाडून टाकला, म्हणजे राजा तिला मारायला निघालाच तर सांगता येईल की अजून ही तुमची बायको झालेलीच नाही. पाट्या रागाने नाही, तिला वाचवायला फोडल्या! हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

नंतर रंबाम, म्हणजे मायमोनिडीस हे ज्यू तत्त्वज्ञ (११३८ ते १२०४), सांगतात की गीतरत्न हे एकेकट्या माणसाच्या देवप्रेमाचं रूपक आहे, प्रेमाने आजारी पडलेल्याला दुसरं काही सुचत नाही तसं. तेराव्या शतकात स्पेनमध्ये जोहार हा गूढवादी ग्रंथ पुढे आला आणि विवाह थेट देवाच्या आत गेला, तिफेरेत (नवरा) आणि शेखिना (नवरी) ही देवाचीच दोन अंगं, शेखिना आपल्या लोकांबरोबर वनवासात फिरते आणि शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, रात्री दोघांचं मीलन होतं. शिव-शक्ती लगेच आठवतं, पण घाईने सारखं म्हणू नये, तिथे माणसाने पाळलेल्या प्रत्येक आज्ञेने ते मीलन घडायला हातभार लागतो, हा भाग त्यांचा स्वतःचा. सोळाव्या शतकात गालीलातल्या सफेद (त्झफात) नावाच्या गावच्या मंडळींनी याचंच गाणं केलं, 'लखा दोदी', शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून शब्बाथ या नवरीचं स्वागत करतात.

ख्रिस्ती बाजूला बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीने गीतरत्नावर ८६ प्रवचनं लिहिली आणि तरी जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत पोचला.

संध्या_सिंहगडरोड

सगळं सुंदर आहे पण कोणीतरी हे बोलायला हवं. मी नवराबायकोच्या वादात समुपदेशन करते, पंधरा वर्षं झाली. त्याच होशेयच्या दुसऱ्या अध्यायात, इशीच्या आधी, देव म्हणतो तिला उघडी करीन, तिच्या वाटेवर काटे घालीन, आणि मग तिला रानात नेऊन गोड बोलीन. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याचा सोळावा अध्याय तर मला एका दमात वाचवला नाही. आधी मार, मग जवळ घेणं, ही गोष्ट माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बायका सांगतात, आणि ती सांगताना त्या बोटातली अंगठी फिरवत असतात. हे फक्त रूपक आहे असं म्हणून मला पुढे जाता येत नाही.

रास्तापेठकर

संध्याताई, बरोबर आहे तुमचं, मी तो भाग गाळायला नको होता. रब्बी एलिएझर तर म्हणाले होते की यहेज्केलचा तो अध्याय सभेत वाचूच नये, म्हणजे तेव्हाही टोचत होतं. दोन गोष्टी मात्र मला धरून ठेवतात. एक, ऐकणारे बहुतेक पुरुष, घरादाराचे धनी, आणि होशेय त्यांना बायकोच्या जागी उभं करतो. दुसरी यिर्मया संदेष्ट्याची. नियमशास्त्रात आहे की सोडलेली बायको दुसऱ्याशी लग्न करून बसली तर पहिल्याने तिला परत घ्यायचं नाही. यिर्मया तिसऱ्या अध्यायात हा नियम आधी म्हणून दाखवतो आणि लगेच देव म्हणतो, तरी परत ये. स्वतःचाच कायदा ओलांडून. आणि यशया संदेष्ट्याच्या ५४व्या अध्यायात देव कबूल करतो की क्षणभर मी तुला टाकलं होतं. तुमचा मुद्दा याने मिटत नाही, मला माहीत आहे.

वारीवाला_नारायणपेठ

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. संध्याताईंचं उत्तर आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली म्हणूनच आपण त्याला माऊली म्हणत असू. ती स्वतः बाबांना अजून मालकच म्हणते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी मित्राने प्रार्थनेला बोलावलंय, ते दाराकडे वळणं बघायचंय. डोक्यावर रुमाल चालेल की टोपीच लागते?

रास्तापेठकर

रुमाल चालतो. दारापाशी टोप्यांची टोपलीही असते, सातच्या आत या.