कन्फर्मेशनचा वर्ग: पाठांतर झालं, स्वतःचा विश्वास कसा तपासायचा?

रविवारशाळा_कॅम्प:
पुण्यात कॅम्पातल्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) दहावीच्या आसपासची ९ मुलं यंदा कन्फर्मेशनला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीला, बसणार आहेत. बिशप यायला ६ रविवार उरलेत. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), सगळं तोंडपाठ. पण 'हे तुला स्वतःला पटतं का?' विचारलं की पाळकसाहेबांच्या उपदेशातलं एखादं वाक्य पुढे येतं. एकाचा प्रश्न वेगळाच: आडनाव गायकवाड, फराळ दिवाळीचा, मग मी नेमका कोण? तान्हेपणी बाप्तिस्म्याला त्यांच्या वतीने आईवडील बोलले, आता 'मी' म्हणायचंय. या ६ रविवारी काय करून घ्यावं?

जुनी_घंटा:
प्रेषितांच्या मतांगीकाराची परंपरेने १२ कलमं धरतात. रविवारी दोन घ्या, हिशेब बसतो. प्रत्येकाला १०० पानी वही द्या. कलमाखाली तीनांतलं एक लिहायचं: पटतं, कळलं नाही, पटत नाही. मग चार ओळी कारण. अट एकच, तारण, कृपा, अभिषेक हे चर्चमधले ठरीव शब्द बंद. शेजारच्या मुलाला सांगता येईल अशी भाषा. 'अधोलोकात उतरला' इथे बहुतेक मुलं अडतात. अडू द्या, म्हणजे वाचतायत.

वह्या गोळा करू नका आणि पालकांना दाखवू नका. कोणीतरी तपासणार हे कळलं की बाराच्या बारा कलमांना 'पटतं' येतं.

दुसरी चूक म्हणजे नमुन्याची साक्ष, म्हणजे 'मी विश्वासात कसा आलो' ही हकिगत, वाचून दाखवणं. 'मी वाईट संगतीत होतो आणि अचानक...' हे ऐकलं की शाळेतून घरी आणि घरातून क्लासला जाणारं पोरही वाईट संगत शोधून काढतं! त्यापेक्षा बायबलमधला तीमथ्य घ्या, पौलाचा तरुण सहकारी. त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनिके यांच्यात होता (२ तीमथ्य १:५). घरातून आलेला विश्वास उसना ठरत नाही.

चौथ्या रविवारनंतर प्रत्येकाशी २० मिनिटं बोला, दार उघडं आणि दुसरी मोठी व्यक्ती नजरेसमोर. 'येशूवर विश्वास आहे का' विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. 'काय मागितलंस आणि मिळालं नाही?' हे विचारा.

पेठेतला_वाचक:
वहीची कल्पना चांगली, पण 'मला पटतं ते माझं' इथवर गाडी जाऊ देऊ नका. प्रभूची प्रार्थना 'आमच्या पित्या' अशी आहे, 'माझ्या' नाही. नायसीन मतांगीकार, म्हणजे दुसरी जुनी कबुली, तोही मूळ ग्रीकमध्ये 'आम्ही विश्वास धरतो' असा होता. प्रेषितांच्या मतांगीकारातला 'मी' बाप्तिस्म्याच्या वेळचा, आणि तोही मंडळीसमोर उभं राहून म्हणायचा.

आणि तारखेची घाई करू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडात वाँटेजला. त्यानंतरही त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून) त्यांचा तिथल्या सिस्टरांशी (जोगिणींशी) पत्रांतून वाद चालला. आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांचं शारदासदन, विधवांसाठीची शाळा, पुण्यात आलेलं होतं. म्हणून पहिल्याच वर्गात सांगा की 'यंदा नको' हेही उत्तर चालतं. त्याआधी पाळकसाहेबांशी बोलून घ्या, नाहीतर पोशाख शिवून झाल्यावर घरचे तुमच्यावर येतील.

फिबीची_मैत्रीण:
त्या गायकवाडासाठी. शौल बदलून पौल झाला असं सर्रास सांगतात, ते चुकीचं आहे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याचा बाप्तिस्मा ९व्या अध्यायात, तरी ते लिहिणारा लूक त्याला पुढेही शौलच म्हणतो. १३:९ ला 'ज्याला पौलही म्हणत' एवढंच. दोन्ही नावं त्याचीच. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांतही अपुल्लोस हे नाव ग्रीक देव अपोलोवरून, एपफ्रदीत हे देवी अफ्रोदितीवरून. कोणी बदलायला लावल्याची नोंद नाही. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायातही अशी नावं आहेत, ती त्या मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. फराळाचं तो आणि त्याची आई बघून घेतील.

रविवारशाळा_कॅम्प:
वह्या आजच आणतो. पाळकसाहेबांना बुधवारी भेटतोय. पण सहाव्या रविवारीही 'पटत नाही' उरलं तर?

जुनी_घंटा:
तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ द्या. सहा वचनं: दोनांत तक्रार, दोनांत मागणं, दोनांत भरवसा. त्याच बेताने स्वतःच्या सहा ओळी लिहायच्या. शेवटच्या दोन जमल्या नाहीत तर कोऱ्या ठेवू द्या. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे.