मदत हवी आहे: ई-सिगारेटची टाकी गळतेय, घरात लहान मूल आहे

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, म्हणून आधीच सांगतो: मी स्वतः ओढत नाही. आणि "सोडायला सांगा" हा सल्ला बायकोने तिच्या भावाला भरपूर देऊन झालाय, तो कृपया इथे नको.

मेहुणा इंग्लंडात लीड्सला असतो. लग्नासाठी सांगलीला आलाय आणि विश्रामबागला आमच्याकडेच उतरलाय. तिकडे सिगारेट सोडायची म्हणून ई-सिगारेट धरली, ती अजून हातात आहे. बॅटरीचा एक ठोकळा, त्यावर आट्यांनी बसणारी काचेची छोटी टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचं लिक्विड. तिकडे नीट चालत होती म्हणतो. विमानातून उतरल्यापासून गळायला लागली. बुडाशी चिकट थेंब जमतात, ओढताना गुडगुड आवाज येतो, मध्येच लिक्विड तोंडात येतं. परवा टेबलाच्या खणात आडवी ठेवली होती, तर आतली लाइट बिलं एकमेकांना चिकटली. आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अत्तर सांडलंय का कुणाचं?"

आमची धाकटी साडेतीन वर्षांची. गोड वास आला की बोट घालून चाटते. खरी काळजी तिची आहे.

गळती नेमकी कुठून होतेय हे घरी कसं ओळखायचं? वायसर बदलून भागेल का, आणि इथे मिळेल का? हाताला लागलेलं लिक्विड कितपत वाईट? बाटलीवर २० मिग्रॅ छापलंय. मेहुणा म्हणतो, काही होत नाही भावजी, पुसून टाका.

हळदमार्केट

बेदाणा, हळद झाली, आता सांगलीत हे पण आलं का! माहिती शून्य, वाचायला बसलोय.

औषधवाली_मिरज

आधी मुलीचं बघा, टाकीचं नंतर.

२० मिग्रॅ म्हणजे एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये विक्रीची कमाल मर्यादा तीच, आणि निकोटीनवाली बाटली १० मिलीपेक्षा मोठी विकता येत नाही. म्हणजे भरलेल्या बाटलीत २०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या बोटाला थेंब लागला तर लगेच साबणपाण्याने धुवायचा, झालं. लहान मुलीने ते गिळलं तर मात्र ती विषबाधा आहे, "काही होत नाही" नाही.

निकोटीन कातडीतूनही अंगात जातं. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्यांना मळमळ, चक्कर येते ती त्यामुळेच; इथे निपाणीकडचे कुणी असतील तर त्यांना ठाऊक असेल. पूर्वी निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून फवारायचे, आणि पिकावरच्या मावा किडीवर तंबाखूचा काढा तर आपल्याकडचे शेतकरी अजून सांगतात. वास आंब्याचा आहे म्हणून फसू नका.

ओकाऱ्या, लाळ गळणं, घाम, चेहरा पांढरा पडणं, थरथर, पुढे गुंगी, असं काही दिसलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा, बाटली बरोबर न्या. मुलीने चाटल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट बघत बसू नका.

खण पुसलेले बोळे उघड्या डब्यात टाकू नका. आणि आजी मशेरी लावत असतील तर ती डबीसुद्धा वरच्या कपाटात गेलेली बरी. विचारलं नव्हतंत, तरी सांगते.

परतलेला

काही वर्षं तिकडे होतो, मीही हे वापरलंय, आता सिगारेट आणि हे, दोन्ही सुटलं. त्यामुळे टाकीबद्दल बोलू शकतो.

पहिली गोष्ट, ही गळती आहे की दव, ते ठरवा. वाफ थंड होऊन बुडाशी थोडा ओलावा जमतोच, तो पुसायचा आणि विसरायचा. पण कागद चिकटले म्हणताय, म्हणजे ही गळतीच.

टाकी ठोकळ्यावरून काढा, बाहेरून कोरडी पुसा, टिश्यू पेपरवर उभी ठेवा आणि काचेच्या वरच्या-खालच्या कडांना टिश्यूची पट्टी गुंडाळा. रात्रभर राहू द्या. सकाळी काचेच्या कडेची पट्टी ओली असेल तर रबरी रिंग चपटी झालीय, फाटलीय किंवा काच तिरकी बसलीय. बुडाच्या हवेच्या भोकांतून आलं असेल तर दोष कॉइलच्या बाजूला (कॉइल म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार, कापसासकट).

आता ते भोकातून का येतं. स्ट्रॉमध्ये सरबत घेऊन वरचं टोक बोटाने दाबलं की सरबत खाली पडत नाही, तसंच टाकीत वरून हवा शिरत नाही म्हणून लिक्विड कॉइलच्या कापसात अडून राहतं. वरचं झाकण सैल असलं किंवा त्याची रिंग गेली की सगळं खालून वाहतं. त्यामुळे गळती खालून दिसली तरी दोष वरच्या झाकणाचा असू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

विमानाचं म्हणाल तर केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरचा. टाकीतली हवा फुगते आणि लिक्विडला कापसातून बाहेर ढकलते. पण हे उतरल्यावर थांबायला हवं. थांबत नाही म्हणजे एक तर कॉइल आतून तुंबलीय (गुडगुड त्याचीच), नाहीतर आपला उन्हाळा. या लिक्विडमध्ये ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. ग्लिसरीन गार हवेत घट्ट, उन्हात पातळ. लीड्समध्ये जे कापसात अडत होतं ते सांगलीच्या मे महिन्यात अडेलच असं नाही. गाडीत ठेवली असेल तर बघायलाच नको.

मेहुण्यांना दोन आकडे विचारा: कॉइलवर किती ओहम लिहिलंय आणि लिक्विडमध्ये ग्लिसरीन किती टक्के. एक ओहमच्या खालच्या कॉइलची भोकं मोठी असतात, त्यांना साधारण ७० टक्के ग्लिसरीनवालं जाड लिक्विड लागतं. त्यात निम्मं-निम्मं पातळ लिक्विड घातलं की गळणारच, मग वायसर कितीही बदला.

तुंबलेली कॉइल मोकळी करायला टाकी बुडाशी टिश्यूत गुंडाळून मुखनळी वर धरून झटके द्यायचे. तोंडाने फुंकू नका, लिक्विड ओठाला लागतं. भरताना मधल्या नळीत थेंब जाऊ द्यायचा नाही, वर थोडी हवा सोडायची, झाकण उघडण्याआधी हवेची भोकं बंद करायची. आणि ठेवायची उभी. खणात आडवी ठेवली की चांगली टाकीसुद्धा कधीतरी दगा देते.

एम-सील, गोंद वगैरे लावून गळती बंद करू नका. टाकी तापते आणि त्या गोंदाची वाफ सरळ छातीत जाते.

जुना_वायरमन

टाकीचं वरच्यांनी सांगितलंय, मी खालच्या ठोकळ्याचं सांगतो. टाकी बसते तिथे मध्ये एक पितळी टिकली असते, तिच्या कडेने लिक्विड आत उतरतं आणि बोर्ड गंजतो. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असतं, ते कानकाडीला लावून आटे आणि टिकली पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ओली असताना चार्जिंगला लावू नका राव, आत लिथियम बॅटरी आहे. ठोकळा फुगला असेल, नुसता ठेवूनही गरम लागत असेल, तर दुरुस्ती विसरा.

कलम_वाचक

वायसर कुठे मिळेल विचारलंय म्हणून. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद, पूर्ण वस्तू असो की तिचा भाग. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला वेगळं शिक्षेचं कलम नाही, पण आयातीत "स्वतःसाठी आणली" अशी सूटही नाही. तेव्हा कॉइल आणि टाकी इथे शोधू नका, ऑनलाइन मागवून तुमच्या पत्त्यावर तर अजिबात नको. पाव्हणा जाईल, पत्ता तुमचाच राहील.

कृष्णाकाठी

सगळ्यांचे आभार. बाटली आणि ठोकळा त्याच रात्री माळ्यावरच्या पेटीत, कुलपात.

टिश्यूचा प्रयोग केला. काचेच्या कडा कोरड्या, सगळं बुडाच्या भोकातून. झाकणाची रिंगही शाबूत. कॉइलवर ०.५ ओहम आहे आणि बाटलीवर ५०/५०. मेहुण्याला विचारलं तर म्हणाला, एरवी जाड लिक्विड वापरतो, निघताना गडबडीत दुकानातून ही बाटली उचलली. म्हणजे परतलेला म्हणतात तेच, वर आपलं ऊन. तो आता तोंड पाडून बसलाय आणि संध्याकाळी पानपट्टीकडे चकरा वाढल्यात, ते बायकोला दिसतंयच.

टाकी रिकामी करायचं ठरलंय. दोन शंका राहिल्या: हे लिक्विड बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का? आणि त्याला तोवर दुसरं काही देता येईल का, की पुन्हा सिगारेटच?

औषधवाली_मिरज

बेसिनमध्ये नको, गटारातून शेवटी नदीतच जायचं. हातमोजे घालून जुन्या डब्यात लाकडाचा भुसा घ्या, त्यात लिक्विड ओता, बोळे आणि कॉइलही त्यातच टाका. झाकण लावून चिकटपट्टी मारा आणि घंटागाडीत ओल्या-सुक्यात न मिसळता, घरगुती घातक कचरा आहे असं सांगून वेगळं द्या. रिकामी टाकी कोमट पाण्याने धुवा, पण स्वयंपाकघरात नको. बॅटरीचा ठोकळा कचऱ्यात जाणार नाही, तो ई-कचरा घेणाऱ्याकडे.

२ मिलिग्रॅमचं निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतं. साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. थोडं चावून गालात धरायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. गम चघळताना वर सिगारेट नको. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. आणि गमचं पाकीटही माळ्यावरच ठेवा, त्यातही निकोटीनच आहे.